पितळेचे देव घरी आणताना: सोलापुरात पहिल्यांदा देवघर मांडणाऱ्यांसाठी

गेल्या दिवाळीच्या आधी भाचीचा फोन आला. जुळे सोलापुरात नवं घर घेतलंय, देवघर मांडायचं म्हणून ती बाजारात गेली होती. दुकानातूनच विचारत होती, "मावशी, मी विठ्ठल मागितला, त्यांनी दोन मूर्ती पुढे ठेवल्यात. दोन्ही उभ्या, दोन्हींना मुकुट. यातला विठ्ठल कुठला?" मी म्हटलं, "हात मोज." तिनं मोजले. एकाला दोन हात, दोन्ही कमरेवर. दुसऱ्याला चार, मागच्या दोन हातांत शंख-चक्र, पुढचा उजवा हात खाली पायांकडे दाखवणारा, डावा मांडीजवळ टेकलेला. दुसरा बालाजी होता. आपल्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत तो असतोच, त्यामुळे सोलापूरच्या दुकानांत विठ्ठल आणि बालाजी शेजारी शेजारी उभे असतात आणि तीन इंची पितळेत दोघे लांबून सारखेच दिसतात.

त्या फोननंतर तिला जे सगळं सांगितलं, तेच इथं लिहितेय. माझा आग्रह एकच आहे: भाव विचारण्याआधी मूर्ती वाचायला शिका. तिच्या हातात काय आहे, पायाखाली काय आहे, शेजारी कोण बसलंय, हे ओळखता आलं की चांगली मूर्ती कोणती, तकलादू कोणती, पुसताना कुठं जपायचं, हे आपोआप कळायला लागतं.

आधी घरच्या मोठ्यांना विचारा

बाजारात जायच्या आधी सासरी-माहेरी एक-एक फोन करा. कुलदैवत कोणतं, कुलस्वामिनी कोणती, घराण्याच्या देवघरात टाक किती आणि कोणाचे, हे लिहून घ्या. टाक म्हणजे पातळ पत्रा ठशावर ठोकून उठवलेली देवाची प्रतिमा. बहुधा चांदीची, काही घरांत तांब्या-पितळेची. आपल्या भागात पुष्कळ घरांत खरे 'घरचे देव' म्हणजे हे टाकच. पितळेच्या मूर्ती त्यांच्या सोबतीला येतात. टाक दुकानात दिसला, आवडला, आणला, असं करू नका. कोणाकडे पाच असतात, कोणाकडे सात, कोणाकडे पूर्वजांचाही टाक असतो. घोडेस्वार दिसला म्हणजे खंडोबाच, असंही समजू नका. घोड्यावरचे देव एकापेक्षा जास्त आहेत. मोठा भाऊ वेगळा राहत असेल आणि मूळ देव त्याच्याकडे असतील, तर नवे टाक करायचे की नाही, हे घरातली वडीलधारी माणसं ठरवतील. तो निर्णय दुकानदाराचा नाही.

मूर्तींचं मात्र तसं बंधन नाही. गणपती, अन्नपूर्णा, बाळकृष्ण, महादेवाची पिंड आणि आपल्या श्रद्धेचा एखादा देव एवढ्यात देवघर पूर्ण दिसतं. जुनी रीत घरात दोन शिवलिंगं आणि तीन गणपती पुजू नयेत असं सांगते. भेट म्हणून गणपती फार येतात, म्हणून हे आधीच लक्षात ठेवलेलं बरं. जे जास्तीचे असतील ते दिवाणखान्यात शोभेला ठेवा, पूजेत नको.

आता मूर्ती वाचायची

इथं सावकाश जाऊ या.

विठ्ठलापासूनच सुरुवात करते. पुंडलिक आईवडिलांची सेवा करत होता, देव दारात आले. त्याला उठायला सवड नव्हती. त्यानं वीट पुढे सरकवली आणि थांबायला सांगितलं. देव विटेवर उभे राहिले, कमरेवर हात ठेवून. म्हणजे विठ्ठल ओळखायच्या दोन खुणा: कर कटेवर आणि पायाखाली वीट. मूर्ती उलटी धरून तळ बघा. कमी कामाच्या मूर्तीत वीट काढलेलीच नसते, नुसती गोल बैठक असते. मी तशी घेत नाही. पुंडलिकानं दिलेली वीट नसेल तर तो थांबलाय कशावर? रुक्मिणीचेही हात कमरेवरच असतात. रुसून दिंडीरवनात येऊन बसलेली ती. तिच्या मागोमाग देव इकडे आले अशी कथा आहे. जोडी घेताना दोन्ही मूर्ती एकाच ओतीच्या, एका रंगाच्या आहेत ना ते बघा. वेगवेगळ्या लॉटमधल्या जोडल्या तर एक लालसर आणि एक पिवळी दिसते, आणि घासल्यावर तो फरक वाढतो.

अन्नपूर्णा लग्नात येते. मुलगी गौरीहर पूजते तेव्हा ती पुढे असते आणि मग तिच्याबरोबर सासरी जाते. हिच्या हातात पळी, दुसऱ्या हातात पात्र किंवा पळी दोन्ही हातांत आडवी धरलेली. कथा अशी, की महादेव म्हणाले हे सारं जग माया आहे, अन्नसुद्धा. पार्वतीला ते लागलं आणि ती निघून गेली. तिच्याबरोबर पीकपाणी गेलं, सगळीकडे उपासमार झाली. मग काशीत तिनं चूल मांडली, आणि तिच्या दारात हातात भिक्षापात्र घेऊन आले ते स्वतः महादेव. तिनं पळीनं त्यांना वाढलं. ती पळी म्हणजे अख्खी कथा आहे, आणि मूर्तीचा सगळ्यात नाजूक भागही तोच. काही मूर्तींत पळी वेगळी करून डाग देऊन जोडलेली असते. नखानं हळूच हलवून बघा. जोड असेल तिथं बारीक रेघ दिसते, रंग किंचित पांढुरका असतो. अंगाबरोबरच ओतलेली पळी असेल ती घ्या. घासताना तुटत नाही. घरी अन्नपूर्णेला वाटीत तांदूळ घालून त्यावर बसवतात. तांदूळ आठवड्याला बदलावेत, काढलेले आपल्या भातात घालावेत.

बाळकृष्ण रांगता. एक गुडघा टेकलेला, डावा तळवा जमिनीवर, उजव्या हातात लोण्याचा गोळा आणि मान वर. त्या वर बघण्याकडे नीट पाहा. रांगणारं मूल लोण्यासकट सापडलं की आईकडे जसं बघतं, तसं ते आहे. याच यशोदेनं त्याला उखळाला बांधायला घेतलं, तर दरवेळी दोरी दोन बोटं कमीच पडायची. शेवटी आई दमली हे पाहून त्यानं बांधून घेतलं, मग उखळ ओढत दोन अर्जुनवृक्षांच्या मधून गेला आणि झाडं उन्मळून पडली. त्यातून कुबेराचे दोन मुलगे शापातून सुटले. दुकानात बाळकृष्ण घेताना मूर्ती सपाट काचेवर ठेवा आणि बोटानं हलकं दाबा. चार टेकू असलेली मूर्ती असल्यानं ओतताना एखादा टेकू वर राहतो आणि मूर्ती डुगडुगते. पाळण्यात घालायच्या वेळी, रोज ताम्हनात ठेवताना, त्याचा त्रास होतो. दुसरी गोष्ट चेहऱ्याची. बाळकृष्णाचे डोळे छिन्नीनं कोरलेले असतात. एक डोळा वर, एक खाली अशा मूर्ती पुष्कळ निघतात. पाच मागवा, रांगेत मांडा, चेहरा बघूनच निवडा. यात संकोच करू नका, जन्मभर रोज सकाळी तोच चेहरा बघायचाय.

गणपतीची सोंड सगळे बघतात. घरच्या पूजेला डाव्या सोंडेचा घ्यावा, उजव्या सोंडेचा कडक मानतात, एवढं बहुतेकांना माहीत असतं. मी उंदीर बघते. क्रौंच नावाचा गंधर्व इंद्राच्या सभेत वामदेव ऋषींच्या पायावर पाय देऊन गेला, त्यांच्या शापानं उंदीर झाला आणि पराशरांच्या आश्रमात धुमाकूळ घालू लागला. गणपतीनं पाश टाकून त्याला धरलं आणि वाहन केलं. म्हणून मागच्या हातात पाश असतो आणि पायाशी उंदीर. काही मूर्तींत उंदीर सुटा मिळतो. तो सहा महिन्यांत निर्माल्याबरोबर जातो, हे अनुभवानं सांगते. बैठकीवरच ओतलेला उंदीर घ्या. एक सुळा पूर्ण आणि एक तुटका आहे का, तेही बघा. दोन्ही सुळे सारखे केले असतील तर कारागीर घाईत होता.

तुळजाभवानी म्हणून पितळेत काहीही विकलं जातं, म्हणून इथं थोडं जपायला हवं. तुळजापूर आपल्यापासून तासाभरावर, आपल्यातल्या कितीतरी घरांची ती कुलस्वामिनी. तिचं रूप महिषासुरमर्दिनीचं: आठ हात, उजवा पाय महिषासुरावर, हातातला त्रिशूळ त्याच्या अंगात रुतलेला. शेजारी तप करणारी अनुभूती असते. कर्दम ऋषींची ही पत्नी, तिला कुकुर दैत्यानं छळलं तेव्हा देवी त्वरित धावून आली. त्वरिता, म्हणून तुळजा. आता दुकानात 'देवी द्या' म्हटलं तर बहुतेक वेळा सिंहावर बसलेली, उत्तरेकडच्या वळणाची दुर्गा पुढे येते. तीही देवीच, पण तुम्हाला तुळजापूरची हवी असेल तर पायाखाली रेडा शोधा. छोट्या मूर्तीत आठही हात वेगळे दिसणं अवघड असतं. चांगल्या कामात प्रत्येक हातातली वस्तू निदान बोटाला तरी जाणवते. खराब कामात आठ हातांचा नुसता पंखा झालेला असतो.

खंडोबा घोड्यावर, हातात खड्ग, बरोबर म्हाळसा, खाली कुत्रा. मणी आणि मल्ल या दोन भावांनी ऋषींना छळलं, महादेवांनी मार्तंडभैरवाचं रूप घेतलं, सहा दिवस युद्ध चाललं आणि मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, चंपाषष्ठीला ते संपलं. मणी शरण आला आणि त्यानं आपला पांढरा घोडा देवाला दिला असं सांगतात. सोलापूरजवळच्या बाळे इथल्या चंपाषष्ठीच्या यात्रेत भंडारा उधळताना ज्या घोड्याचं नाव निघतं तो हाच. खंडोबाच्या मूर्तीत घोड्याचे पाय बघा. उचललेला पाय बारीक असतो, पडली की तोच वाकतो.

पिंड आणि नंदीबद्दल सोलापूरकरांना मी काय सांगणार. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी या गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली, आणि संक्रांतीच्या गड्डा यात्रेच्या वेळी नंदीध्वज अजूनही त्यांना तेल वाहायला निघतात. घरच्या पिंडीबद्दल एवढंच: शाळुंकेचं तोंड उत्तरेकडे येईल अशी मांडा, आणि पन्हाळीतून पाणी खरंच बाहेर पडतं का हे घरी आणल्यावर लगेच बघा. पन्हाळ वर उचललेली असेल तर अभिषेकाचं पाणी आतच साचतं आणि तिथं हिरवं धरतं.

माप

मत्स्यपुराणात घरच्या मूर्तीचं माप दिलंय: अंगठ्याच्या पेरापासून वितीपर्यंत, त्याहून मोठी नको. व्यवहारातही तेच सोयीचं. रोज उचलून ताम्हनात ठेवायची मूर्ती अडीच-तीन इंचांची बरी. एक इंचाची मूर्ती गोड दिसते, पण तिच्यात पळी नि लोणी नि उंदीर यातलं काही धड उमटत नाही, आणि तुळशीच्या पानाबरोबर वाहून जाते ती वेगळीच.

दुकानात

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. जस्त जास्त तर रंग फिकट पिवळा, तांबं जास्त तर लालसर सोनेरी. दोन्ही पितळच, त्यात खरंखोटं काही नाही.

आपल्याकडे मिळणाऱ्या छोट्या मूर्तींपैकी पुष्कळ अलीगढ-मुरादाबादकडून येतात. त्या बारीक वाळूच्या दोन पेट्यांमध्ये ओतलेल्या असतात. नमुना अर्धा एका पेटीत, अर्धा दुसऱ्या पेटीत दाबतात, काढून घेतात, पेट्या जोडतात आणि त्या पोकळीत वितळलेलं पितळ सोडतात. म्हणून मूर्तीच्या दोन्ही कडांनी, कानापासून बैठकीपर्यंत, सांध्याची रेघ येते. चांगल्या कामात ती कानशीनं घासून घालवलेली असते. रेघ बोटाला टोचत असेल तर मूर्ती अर्धवट आहे. दुसरी रीत मेणाची: मूर्ती आधी मेणात करायची, वर माती लिंपायची, तापवून मेण वाहून जाऊ द्यायचं आणि त्या जागी धातू ओतायचा. अशा मूर्तीला सांधा नसतो, आणि साचा फोडावा लागत असल्यानं हुबेहूब दुसरी निघत नाही. या रीतीचं वर्णन कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' ग्रंथात आहे, मेणाच्या आठपट पितळ घ्यावं इथपर्यंत हिशोबासकट. ते कल्याण म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या शेजारचंच, आणि काळही सिद्धरामेश्वरांचाच, बारावं शतक. मेणाच्या कामाला पैसे जास्त पडतात. पहिल्या देवघराला वाळूतली नीट घासलेली मूर्ती पुरे.

आधी विचारायचं: वजनावर की नगावर? भांड्यांच्या दुकानात कासार सरळ सांगतात, "ताई, हे वजनावर की ओ." वजनावर देणारा दुकानदार पितळच देतो असं नाही, पण नगावरच्या मूर्तीबद्दल जास्त चौकस राहावं. मी स्वतः फसलेय. एका यात्रेत घाईगर्दीत बाळकृष्ण घेतला, सोन्यासारखा चकचकीत. दोन महिन्यांत गुडघ्यावरचा आणि लोण्याच्या गोळ्यावरचा रंग उडून खालून पांढरट राखाडी धातू दिसायला लागला. वर नुसता मुलामा होता. त्या दिवसापासून मी चुंबक पर्समध्ये ठेवते. पितळेला चुंबक चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड आहे. मात्र चुंबक चिकटला नाही म्हणून पितळ सिद्ध होत नाही. ॲल्युमिनियम आणि जस्ताच्या पांढऱ्या मिश्रधातूलाही तो चिकटत नाही, आणि माझा बाळकृष्ण त्यातलाच होता. म्हणून मूर्तीचा तळ बघा. तिथं पॉलिश नसतं, धातूचा खरा रंग तिथं दिसतो. तळाला लाख किंवा सिमेंटसारखं काही भरलेलं असेल तर तुम्ही त्या भरावाचंही वजन विकत घेताय.

खात्रीच करायची तर घरी एक सोपी परीक्षा आहे. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. मूर्तीचं वजन करा. मग काट्यावर पाण्यानं अर्धा भरलेला पेला ठेवून काटा शून्यावर आणा. मूर्तीला दोरा बांधून ती पाण्यात पूर्ण बुडेल अशी लटकवा. तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. आतली हवा निघावी म्हणून आधी जरा तिरकी करा. आता काट्यावर जो आकडा दिसेल त्यानं मूर्तीच्या वजनाला भागा. पितळ असेल तर उत्तर साडेआठच्या आसपास येतं. म्हणजे 255 ग्रॅमची मूर्ती असेल तर काटा 30 दाखवेल. उत्तर सातच्या खाली आलं तर जस्ताचा मिश्रधातू किंवा आत पोकळी-भराव, आणि तीनच्या खाली आलं तर ॲल्युमिनियम. ही परीक्षा पूजेला बसवण्याआधी करा, म्हणजे बदलून घेताना मनाला लागत नाही. बिल घ्यायला विसरू नका.

घरी आणल्यावर

नव्या मूर्तीवर बहुधा पारदर्शक लाखेसारखा थर मारलेला असतो, काळी पडू नये म्हणून. शोकेससाठी तो ठीक, पूजेसाठी नाही. पंचामृत आणि कोमट पाणी लागलं की तो सालासारखा सुटतो आणि त्याच्या खाली काळे डाग पडतात, जे घासूनही जात नाहीत कारण वर थर असतो. पूजेची मूर्ती असेल तर दुकानातच 'लॅकर नसलेली द्या' म्हणावं. असलीच तर कापसाला थिनर लावून, खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून लांब बसून पुसून काढा, मग साबणाच्या पाण्यानं दोनदा धुवा.

त्यानंतर घरच्या रीतीप्रमाणे गुरुजींना बोलवा किंवा साधा अभिषेक करून बसवा. कुलदैवताच्या गावी नव्या देवांना नेऊन 'भेटवून' आणायची रीत असेल तर तुळजापूर, बाळे, पंढरपूर सगळं जवळ आहे. एका दिवसात होतं.

एक गोष्ट मात्र तळमळीनं सांगते. पितळेच्या ताम्हनात दही-मधाचं पंचामृत तासन्‌तास ठेवू नका. आंबट पदार्थ पितळेत कळकतो. आपल्या आज्या कल्हईशिवाय पितळेच्या भांड्यात ताक ठेवायच्या नाहीत ते याचसाठी. शिवाय कापायला, घासायला सोपं जावं म्हणून काही पितळेत शिसंही मिसळलेलं असतं. अभिषेक झाला की मूर्ती लगेच साध्या पाण्यानं धुवा. लेकरांना द्यायचं तीर्थ आधीच चांदीच्या किंवा स्टीलच्या वाटीत वेगळं काढून ठेवा आणि त्यातलं मूर्तीवर फक्त तुळशीपत्रानं शिंपडा. भक्तीत काही उणं पडत नाही.

उजळणं

सोलापूरची हवा कोरडी, त्यामुळे कोकणापेक्षा इथं पितळ जास्त दिवस उजळ राहतं. आठवड्यातून एकदा उजळलं तरी चालतं. रोज घासायची गरज नाही, रोज नुसती आंघोळ आणि कोरडं पुसणं.

लिंबाएवढी चिंच कोमट पाण्यात भिजवा, कोळ काढा, बोटानं मूर्तीला चोळा. काळपट रंग बोटाखाली निघताना दिसतो. दोन-तीन मिनिटं पुरे. पितांबरी वापरत असाल तर चिमूटभर घ्या आणि ओल्या हातानं चोळा. खाचांना, म्हणजे मुकुटाच्या घड्या, बाळकृष्णाची बोटं, देवीच्या हातांमधल्या फटी, मऊ टूथब्रश वेगळा ठेवा. काथ्या, तारेची घासणी, जाड रांगोळी यांना मूर्तीच्या चेहऱ्याजवळ येऊ देऊ नका. मग भरपूर पाण्यानं धुवा आणि त्याच क्षणी पुसा. इथंच बहुतेकांचं चुकतं. मूर्ती ताम्हनात तशाच निथळत ठेवतात, आणि बोअरचं जड पाणी असेल तर वाळल्यावर पांढरे ठिपके उमटतात. आपल्या गावच्या टॉवेलचा जुना, मऊ झालेला तुकडा यासाठी कापून ठेवा. पाणी पिण्यात त्याच्यासारखं दुसरं कापड नाही.

लिंबू-मिठात मूर्ती भिजत घालून विसरू नका. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी गणपती रात्रभर तसा ठेवला. सकाळी त्याचं पोट आणि सोंड गुलाबी झाली होती. रडायला आलं होतं मला. आंबट पाण्यानं वरच्या थरातलं जस्त ओढून घेतलं होतं आणि तांबं तेवढं उरलं होतं. तो गुलाबी रंग पुसून जात नाही. वरचा थर हळूहळू झिजतो तेव्हा जातो. मला ते समजायला आणि रंग परतायला बरेच महिने लागले. चिंच असो की लिंबू, घड्याळ लावून काम करा.

हळद-कुंकू कपाळापुरतं लावा. खंडोबाला भंडारा वाहायचा तर पायाशी वाहा. घोड्याच्या पोटाखाली आणि म्हाळसेच्या मागे साचलेला भंडारा ओल धरतो आणि त्याखाली हिरवं चढतं. हिरवा थर दिसला तर चिंचेच्या कोळानं आणि ब्रशनं काढा, पूर्ण वाळवा. पुन्हा पुन्हा त्याच जागी येत असेल तर तिथं ओतकामात छिद्र आहे, त्यात पाणी राहतंय. धुतल्यावर हेअर ड्रायरची गार हवा त्या जागी मारा.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी सगळे देव नीट उजळून घ्या. ज्या घरांत देव घटी बसतात तिथं ते विड्याच्या पानावर ठेवले की नऊ दिवस हलवत नाहीत, आंघोळही नाही. म्हणून त्या दिवशीचं पुसणं एरवीपेक्षा जास्त कोरडं हवं. मी त्या संध्याकाळी देव पुसून झाल्यावर अर्धा तास पाटावर पसरून ठेवते, मगच पानावर.

झिजलेली, तुटलेली मूर्ती

पळी मोडली, हात तुटला, तर पूजेतून काढतात. नदीत किंवा तलावात सोडू नका. पितळ विरघळत नाही, गाळात रुतून बसतं. ओताऱ्याकडे किंवा भांड्यांच्या दुकानात मोडीत दिली तर वितळून पुन्हा कशात तरी येते, आणि धातूच्या देवाला ती वाट जुनीच आहे. मोड देताना वजन आपल्या डोळ्यांसमोर करून घ्या.

झिजलेल्या मूर्तीचं वेगळं. माझ्या आजीची अन्नपूर्णा माझ्याकडे आहे, अडीच इंचांची. तिला आता नाक नाही, डोळे नाहीत, ओठांच्या जागी एक गुळगुळीत फुगवटा उरलाय. तीन पिढ्यांची चिंच आणि बोटं त्यावरून फिरली आहेत. पळी मात्र शाबूत आहे, दांड्यावरच्या दोन रेघांसकट, कारण आजीनं आईला आणि आईनं मला एकच सांगितलं होतं, पळीला धरून उचलायचं नाही. भाचीला मी तिची नवी अन्नपूर्णा हातात दिली तेव्हा तिनं नेमकी पळीच धरली. मी तिची बोटं सोडवून बैठकीखाली ठेवली. मूर्ती उचलताना खालून, बैठकीला धरून, दुसऱ्या हाताचा आधार पाठीला.